मदत हवी आहे: मॉरोविंडमध्ये टॅमरिएल रीबिल्ट बसवल्यावर इमारतींच्या जागी उद्गारचिन्हे

नमस्कार. २००२ साली आलेला मॉरोविंड हा संगणकावरचा गेम मी सध्या लिनक्सवर ओपनएमडब्ल्यू या मुक्तस्रोत इंजिनाच्या साहाय्याने खेळतो आहे. मूळ गेम आणि ट्रायब्युनल व ब्लडमून हे दोन्ही विस्तारसंच व्यवस्थित चालतात. मूळ गेम ज्यावर घडतो त्या व्हार्डेनफेल बेटापलीकडची मुख्य भूमी उभी करणारा टॅमरिएल रीबिल्ट हा मॉड (चाहत्यांनी केलेली भर) गेल्या आठवड्यात बसवला, तेव्हापासून मात्र पुढील अडचण येते आहे.

या मॉडला टॅमरिएल डेटा हा सामायिक सामग्रीचा संच लागतो, म्हणून दोन्ही संच स्वतंत्र फोल्डरांत उलगडले, लाँचरमध्ये (गेम सुरू करण्याच्या खिडकीत) त्यांचे मार्ग जोडले आणि प्लगिनांचा, म्हणजे गेममध्ये मजकूर भरणाऱ्या फाइलींचा, क्रम मॉरोविंड, ट्रायब्युनल, ब्लडमून, टॅमरिएल डेटा व शेवटी या मॉडचा टीआर मेनलँड असा ठेवला. गेम कोणतीही तक्रार न करता सुरू होतो. परंतु कन्सोलमधून (आज्ञा टंकून) मॉडमधले फायरवॉच शहर थेट गाठले असता डोंगर, पाणी व माणसे जागेवर दिसतात आणि बहुतेक घरांच्या जागी पिवळी उद्गारचिन्हे उभी असतात. जमिनीचे काही तुकडेही भडक गुलाबी झाले आहेत. व्हार्डेनफेलवर असे काहीच दिसत नाही.

लॉग फाइलमध्ये अमुक मेश (वस्तूचा त्रिमितीय आकार) सापडला नाही, त्याऐवजी त्रुटीदर्शक मेश वापरला, अशा अर्थाच्या ओळी शेकड्यांनी आहेत. लिनक्समध्ये फाइलनावांतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो, त्यामुळे नावे जुळत नसावीत असे वाटून मी एक फोल्डर संपूर्ण लहान अक्षरांत बदलून पाहिला (त्यात एक संध्याकाळ गेली), पण फरक पडला नाही. चूक नेमकी कोठे आहे, आणि ती सुधारल्यावर जुने सेव्ह (साठवलेले खेळ) बाद होतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

अक्षरांचा संशय सोडून द्यावा; ओपनएमडब्ल्यू गेममधील फाइली शोधताना हा भेद मानत नाही. टॅमरिएल डेटाचे मेश आणि टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रे) बीएसए संग्रहांत, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या फाइलींत, बांधलेले असतील, तर फोल्डर जोडला म्हणून ते संग्रह आपोआप उघडले जात नाहीत, त्यांची वेगळी नोंद करावी लागते. लाँचरमधील डेटा फाइल्स विभागात संग्रहांसाठी निराळा टॅब आहे. तेथे मूळ गेमच्या संग्रहांवर खूण असेल, टॅमरिएल डेटाच्या संग्रहांवर बहुधा नसेल. प्लगिन वाचला गेल्यामुळे भूभाग व वस्तूंच्या जागा कळल्या, वस्तूंचे आकार मात्र मिळाले नाहीत, म्हणून हे दृश्य दिसते. सेव्हमध्ये प्लगिनांची यादी नोंदली जाते, संग्रहांची नाही, तेव्हा जुन्या सेव्हना धोका नाही. खुणा करूनही काही ठिकाणी उद्गारचिन्हे राहिली, तर दोन्ही संचांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात का ते पाहावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. तीन संग्रहांवर खूण नव्हती. ती करताच गुलाबी रंग गेला आणि घरे दिसू लागली. एका गल्लीत अजून दोन उद्गारचिन्हे आहेत. टॅमरिएल डेटाची माझी प्रत जुनी निघाली, नवी उतरवून घेतो आहे.