ज्येष्ठ वादकाने आता अरेंजर कीबोर्ड घ्यावा का?

सुरपेटी_इंदूर
आधी माझं मत सांगतो, मग भांडा. उभी हयात ऑर्केस्ट्रात आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत काढलेल्या वादकाने या वयात अरेंजर (कॉर्ड धरला की मागे ताल-बेसची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड) घेऊ नये.

आमच्याकडचे एक काका सध्या नव्या कीबोर्डच्या शोधात आहेत. सत्तरीला टेकलेत, पण गणपतीत इंदुरात राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत सगळ्या मराठी मंडळांना तेच हवे असतात. जुन्या कीबोर्डच्या पट्ट्यांखालचं रबर झिजलंय. हलका हात ठेवला तर सूर येत नाही, जरा दाब दिला की किंचाळतो. फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच गेली.

दुकानदार त्यांच्या गळ्यात यामाहाचा पीएसआर-एसएक्स900 मारतोय. वाद्य उत्तमच आहे, वाद नाही. पण नुसतं वाद्य 11.5 किलोचं, त्यावर स्टँड, पेडल, अडॅप्टर आणि जाडजूड बॅग. हॉलचे जिने कोण चढणार? किंमतही लाखाच्या पुढे. आणि स्टाइल्स (साथीचे तयार ठेके) त्यांना हव्यात कशाला, सोबत ढोलक-तबला असतोच! पाच-सहा किलोचा 61 पट्ट्यांचा सिंथ (नुसते टोन देणारा, साथ न वाजवणारा कीबोर्ड) घ्यावा, साउंडवाल्याला लाइन द्यावी, मोकळं व्हावं.

मंडळाचा_हिशेबनीस
"ढोलक-तबला असतोच" हे कुठल्या जमान्यातलं? आमच्या मंडळाचं बजेट दोन गायक आणि एक वादक एवढंच. तो एकटा डाव्या हाताने कॉर्ड धरतो, मागे ड्रम, बेस, गिटार सगळं चालू. स्टाइल नसलेला सिंथ आणला तर आम्ही सरळ करावके लावू, काका घरी बसतील. चालेल?

ढोलकीवाला
हिशेबनीस, तुमचं बजेट असं का झालं तेही सांगा की. आधी स्टाइल आली, मग ढोलकवाला कापला, आता म्हणता बजेटच नाही. लावणीला मशीनचा ठेका लावून बघा एकदा. गायिका तोडा संपवून समेवर येताना अर्धी मात्रा रेंगाळते, मी तिच्याकडे बघून थांबतो. मशीन थांबत नाही. मग बिचारी पुढची ओळ पळवते आणि लोक म्हणतात, आज आवाज लागला नाही वाटतं.

बडोदेकर_कीज
भावनेत वाहू नका, मंडळी. मुद्दा वेगळाच आहे. काका पहिल्यापासून यामाहावर असतील तर त्यांनी जमवलेल्या जुन्या स्टाइल फायली नवा यामाहा बहुतेक वाचतो. फ्लॉपीतून कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या, एवढंच. गाण्यागणिक साठवलेली रजिस्ट्रेशन्स (टोन-ठेक्यांची जुळणी) मात्र जशीच्या तशी येतीलच असं नाही, ती पुन्हा बसवावी लागतात. हलका सिंथ घेतला तर दोन्हींवर पाणी.

दुसरं, तुमच्या काकांचा मींडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) हात सूर वाकवायच्या चाकावर बसलेला असणार. एसएक्स900 ला चाक नाही, जॉयस्टिक आहे. सोडली की झटकन जागेवर येते. दुकानात टोन ऐकत बसू नका. बेंडची (सूर वाकवायची) रेंज चार सेमीटोनची ठेवून गंधारावरून षड्जावर हळू उतरून बघायला सांगा. जमलं तर घ्या. वजनाचं म्हणाल तर चाकांची बॅग मिळते.

सुरपेटी_इंदूर
चाकांची बॅग जिन्यावर चालवून दाखवा, मग बोलू. फायलींचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो मी धरला नव्हता. तरी मत तेच. तीन-चारशे गाणी ज्यांच्या बोटांत आहेत त्यांना रजिस्ट्रेशन लागतं कशाला? पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, अ‍ॅकॉर्डियन. चार टोनांत अख्खा कार्यक्रम काढतात ते.

काळी_चार
सगळे वजन आणि पैशावर घसरलात, सुराचं कोणी बोलतच नाही. कीबोर्डचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा असतो. याच कटकटीपायी हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 ते 1971 दाराबाहेर ठेवलं होतं (मींड येत नाही, ही दुसरी तक्रार). आज पेटीवाले गंधार ट्यूनिंग करून घेतात. एसएक्स900 मध्ये स्केल ट्यूनिंग आहे, एकेक सूर वरखाली करता येतो. नाट्यगीत, अभंग वाजवणाऱ्याला याच्यापुढे स्टाइल-बिइल सगळं फिकं. हलक्या स्वस्त वाद्यांत ही सोय आहे का, ते बॉक्स उघडायच्या आधी विचारा.

बडोदेकर_कीज
आणि पुढची गायिका काळी चारऐवजी पांढरी पाच पट्टी म्हणाली की? षड्ज बदलला की ट्यूनिंगचा पाया बदला, विसरलात तर कॉर्ड बेसूर. तंबोऱ्यापाशी शोभतं ते, ऑर्केस्ट्रात नाही.

काळी_चार
एका बटणाचं काम आहे. ट्रान्सपोज (पट्टी वरखाली करायची सोय) बदलायला विसरत नाही ना वादक?

ढोलकीवाला
विसरतात हो. मी शेजारीच बसलेला असतो.

मंडळाचा_हिशेबनीस
इंदूरकर, एक सरळ प्रश्न. काकांना स्वतःला काय हवंय?

सुरपेटी_इंदूर
त्यांना एसएक्स900 च हवाय. म्हणूनच तर धागा काढला. रविवारी पुन्हा दुकानात जातोय. जॉयस्टिकवर गंधार-षड्ज करून बघू, आणि बॅगेसकट वाद्य उचलून दुकानाचा जिना त्यांनाच चढायला लावणार आहे.