नवा एसएमपीएस, पण पीसी एका दमात सुरू होत नाही: अनुभव लिहा

नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसवला तरी पीसी दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही, किंवा पंखा जरासा हलून थांबतो. अशा वेळी बहुतेक जण तो तडक दुकानात नेतात. तिथे तो नीट चालतो आणि घरी आणला की पुन्हा तेच. म्हणून इथे लक्षण नेमकं लिहा: बटण दाबल्यावर किती वेळाने बंद होतो, आपोआप पुन्हा सुरू होतो का, आणि शेवटी कशाने सुटलं. एसएमपीएसचा डबा उघडायचे सल्ले कृपया देऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

मल्टिमीटर

पंखा अर्धा फेरा फिरून थांबला, म्हणजे एक सेकंदही चालला नाही, तर आधी शॉर्ट शोधा. अशा वेळी एसएमपीएस सहसा बिघडलेला नसतो, तो स्वतःला आणि मदरबोर्डाला (पुढे नुसतं बोर्ड) वाचवत असतो.

पहिला संशय प्रोसेसरच्या आठ पिनांच्या कनेक्टरवर. प्रोसेसरची केबल 4+4 अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची 6+2 अशी. दोन्हींत 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा उलट असतात: प्रोसेसरच्या केबलमध्ये 12 व्होल्ट खटक्याच्या बाजूला, ग्राफिक्सच्या केबलमध्ये खटक्याच्या विरुद्ध बाजूला. पिनांचे आकार वेगळे असले तरी जोर लावला की चुकीची केबल घुसते. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असल्याने रंगावरून ओळख पटत नाही. ती कशी दुभंगते ते बघा.

दुसरा संशय बोर्डाखालच्या जादा पितळी स्टँडऑफवर (बोर्ड उचलून धरणारा खुंट). कॅबिनेटमध्ये तो आधीपासून लावलेला असतो, बोर्डाला त्या जागी भोक नसतं आणि मागचे सोल्डर त्यावर टेकतात. बोर्ड बाहेर काढून त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि 24 व 8 पिनांच्या दोन केबली, एवढ्यावर सुरू करा.

एकदा संरक्षण लागू झालं की कारण दूर केल्यावरही काही एसएमपीएस लगेच उठत नाहीत. मागचा स्विच बंद करून प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा बघा.

आणि मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबली ठेवून देण्याचा मोह टाळाच. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क गेलीच.

जोडणीवाला

बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर कॅबिनेटचं बटण अडकलंय का बघा. बटण चार सेकंद दाबून धरलं की बोर्ड पीसी बंद करतो, आणि अडकलेलं बटण तेच करतं. बटणाची वायर बोर्डावरून काढा, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. नीट चालला तर दोष बटणाचा.

हिरवी वायर

मोजमापाचं सांगतो. 24 पिनांचा कनेक्टर बोर्डात असतानाच, वायर घुसते त्या मागच्या बाजूने प्रोब लावा.

पिन 9, जांभळी: पीसी बंद असताना 4.75 ते 5.25 व्होल्ट. रात्रभर बंद ठेवून सकाळी बटण दाबतानाच हिच्यावर नजर ठेवा. 4.75च्या खाली कोसळली तर स्टँडबाय भाग (पीसी बंद असतानाही वीज देणारा) अशक्त आहे. यूएसबीवरचं सगळं काढूनही तसंच असेल तर एसएमपीएस बेधडक बदलून घ्या.

पिन 16, हिरवी: बटण दाबल्यावर शून्याजवळ यायला हवी. येत नसेल तर बोर्ड हुकूमच देत नाहीये.

पिन 8, करडी: सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर 100 ते 500 मिलिसेकंदांत ही पाचाजवळ जाते. ती चढेपर्यंत बोर्ड प्रोसेसर रिसेटमध्ये धरून ठेवतो. पंखे फिरतात, बाकी काही होत नाही, तेव्हा हीच बघा.

हिरवी आणि काळी जेम क्लिपने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, हा समज काढून टाका. लोडशिवाय तो फिरेलच. उलट काही मॉडेलांत कमी लोडवर पंखा मुद्दाम बंद असतो. बारा व्होल्टची वायर 11.4 ते 12.6मध्ये आहे का, ते लोडखाली बघा.

कोकणवारा

दुकानात चालतो, घरी नाही, यात बरेचदा दोष घरच्या वीजपुरवठ्यात सापडतो. संध्याकाळी गावाकडे 170 व्होल्ट येतात तेव्हा लेबलवर 200-240 लिहिलेला स्वस्त एसएमपीएस मान टाकतो. 100-240वाला तग धरतो. आधी एक्स्टेंशन आणि यूपीएस वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. 600 व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण 360 वॉटच देतो, आणि बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या यूपीएसशी अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची लहर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसचं नेहमी जमतंच असं नाही. मागचा स्विच लावताच एमसीबी पडत असेल तर ती बी प्रकारची आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. ती तिच्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या 3 ते 5 पटीला झटक्यात पडते, सी प्रकारची 5 ते 10 पटीला.

जर्सीवासी

भारतातून पीसी अमेरिकेत आणणाऱ्यांसाठी: इथे 120 व्होल्ट. पॉवर कॉर्ड बदलल्याने एसएमपीएस बदलत नाही. 200-240 लेबल असेल तर बोर्डावरचा दिवा कधी लागेलही, पण पीसी उठणार नाही. 100-240चाच घ्या. जुन्या एसएमपीएसवरचा लाल स्विच इथे 115वर करता येतो, पण भारतात परतताना आठवणीने 230वर करा. 115वर ठेवून 230 दिले की तो जळतो.

मल्टिमीटर

अजून एक, कारण यात चांगले एसएमपीएस विनाकारण परत जातात. डीडीआर5 रॅमच्या नव्या बोर्डावर पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. पंखे चालू, स्क्रीन काळी, असं काही मिनिटं राहू शकतं. काही बोर्ड मध्ये स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतात. बटण न दाबता दहा-पंधरा मिनिटं थांबा. बायोस रिसेट केल्यावरही हेच होतं.

जोडणीवाला

आणि पीसी बंद असताना बोर्डावरचे दिवे मंद जळत असतील किंवा पंखा किंचित थरथरत असेल, तर स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब किंवा मॉनिटरची केबल उलटा करंट देतेय. दोन्ही काढा, मग बटण दाबा.