चिंगीला अजून किती ओढायचं?

उजळाईवाडीकर: आमची चिंगी कारवानी कुत्री, तेरा वर्षांची. दोन्ही किडन्या गेल्यात. सलाइन चालू असूनही क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी बिघडली की वाढतो) ७.८. कातडीखालचं सलाइन मी घरीच देतो. इंजेक्शन देऊन तिला कायमचं शांत करण्याबद्दल डॉक्टर म्हणतात, 'तुम्ही सांगाल तेव्हा.' मी काय सांगू?

रविवारी आई मटणाची अळणी काढते, त्यातली पहिली वाटी चिंगीची. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. या रविवारी वाटी तोंडापाशी नेली, तर नुसते ओठ चाटले, लाळ गळली आणि मान फिरवली. तोंडाला वास येतोय, हिरड्यांवर फोड आल्यात. तरी मी कामावरनं आलो की शेपूट हलवते. शेपूट हलतंय तोवर कसं सोडायचं? बाबा म्हणतात, असेल तेवढं आयुष्य जगू दे, पाप घेऊ नको.

रंकाळ्याची सकाळ: आमच्या लॅब्रडॉर कुत्र्याच्या वेळी कॅलेंडरवर खुणा करत होतो, बरा दिवस की वाईट. नुसतं आठवून ठरवायला गेलं की मन चांगलेच दिवस मोजतं. आणि दुखतंय म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नका. ब्रुफेननं किडनी अजून बिघडते.

कागलचे काका: दादा, माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. शेपटीवर जाऊ नका. कुत्रं शेवटच्या दिवशीसुद्धा मालकाला बघून शेपूट हलवतं. ती माया आहे, तब्येत नव्हे. लाळ, ओठ चाटणं ही मळमळ आहे. फोड युरियाचे, किडनी तो रक्तातनं बाहेर काढू शकत नाही म्हणून. ५ च्या वर क्रिएटिनिन म्हणजे किडनीच्या आजाराचा शेवटचा टप्पा.

अमेरिकेतल्या डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांची, आजारी जनावर किती सुखात आहे ते मोजायची एक पट्टी आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण. जेवढं बरं तेवढे जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळता येतं. घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे गुण द्या. बाबांनाही द्यायला लावा.

पापाचं म्हणाल, तर आपोआप म्हणजे झोपेत जाईल असं नाही. उलट्या, झटके, कधी कित्येक दिवस. आणि सलाइन लावून आपणच तिला थांबवलंय की. निर्णय आधीपासनं तुमच्याच हातात आहे.

आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती झोपते. मग शिरेतनं भुलीच्या औषधाचा जादा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, लघवी होते, एखादा श्वास आल्यागत वाटतो. तो जीव नसतो, घाबरू नका. डॉक्टरांना घरी बोलवा. आणि तुम्ही तिथं असा, ती तुमचा आवाज शोधणार.

उजळाईवाडीकर: काका, गुण घातले. माझे १९, आईचे १६. बाबांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि १४ लिहिले. शनिवारी डॉक्टर घरी येतायत. शेतात पुरलं तर चालेल?

कागलचे काका: चालेल, पण विहिरीपासनं लांब आणि खड्डा चांगला कमरेएवढा घ्या. ते औषध शरीरात राहतं. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरतात. नदीत तर अजिबात सोडू नका. शनिवारपर्यंत मळमळीचं इंजेक्शन चुकवू नका.