कोन फिल्टर, कापलेला ब्रीदर आणि रविवारचा पाना: गाडीला यातून मिळतं काय?

बॉनेटउघडा
रविवार उजाडला की आमच्या पार्किंगमध्ये कुणाचं ना कुणाचं बॉनेट वर असतं. कंपनीचा काळा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढून ठेवलेला, जागेवर लाल कोन फिल्टर, म्हणजे शंकूसारखा उघडा फिल्टर, आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर नेणारा, पाइप कापून खाली लोंबत सोडलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पिकअप वाढतो."

माझं मत: रोजच्या पेट्रोल गाडीत हा उद्योग म्हणजे पैसे मोजून आवाज विकत घेणं. गावात आपण पाव थ्रॉटलवर चालवतो. हवा अडते ती थ्रॉटलच्या पाकळीपाशी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), फिल्टरपाशी नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या. आधुनिक इंजेक्शन गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही, जोरात वेग घेताना तेवढा पडला. तुंबलेल्याची ही कथा, तर चांगला कागदी फिल्टर काढून काय मिळणार?

उलट उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर 30 अंश, ट्रॅफिकमध्ये आत 60 धरा. केल्विनमध्ये भागाकार करा: हवा 9 टक्के विरळ. पिकअप वाढला म्हणतात तो कानाला.

ब्रीदर कापणं तर शुद्ध आडाणीपणा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या कोठीत, निसटतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, ऑइलचे कण. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेतली झडप) ते सगळं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, ओढीवर परत जाळायला पाठवतो. ओढच तोडली की वाफ ऑइलमध्ये मुरते आणि टॅपेट कव्हरखाली गाळ धरतो.

घाटातला_दुसरा_गिअर
कोनवाल्यांना हवं तेवढं झोडा, पण इनटेक (हवा आत जायची वाट) आणि ब्रीदर एकाच पोत्यात भरू नका राव.

जुन्या पोलो जीटीचं 1.2 टीएसआय घ्या. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. साध्या इंजिनात इंजेक्टर पोर्टमध्ये असतो, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने धुतली जाते. इथे ती धुतली जात नाही. ब्रीदरमधून येणारं ऑइल तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजतं आणि काळा थर चढत जातो. तो काढायचा तर मॅनिफोल्ड उतरवून खरवडा, नाहीतर अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारा. त्यापेक्षा ब्रीदरच्या वाटेत कॅच कॅन, म्हणजे ऑइल अडवणारा छोटा डबा, बसवला तर बिघडलं कुठे? पाइप कापून हवेत सोडायचा नाही, कॅनमधून परत इनटेकलाच जोडायचा. ओढ शाबूत, ऑइल बाहेर. आणि हे काम घरी होतं. दोन होज, चार क्लॅम्प, एक ब्रॅकेट.

तेलपट्टी
माझं गॅरेज आहे, म्हणून लिहिते. दादा, चित्र बरोबर, पण घरी बसवलेले कॅन माझ्याकडे येतात तेव्हा काय दिसतं ते ऐका. स्वस्तातला कॅन कापून बघितला तर आत काहीच नाही, नुसता डबा. ऑइलचे कण कशाला तरी आपटले तरच ठिबकणार ना? मग कुणीतरी व्हिडिओ बघून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबतं. तिचे तुकडे सुटले की वाट सरळ इनटेककडे!

दुसरं, होज. बागेचा पारदर्शक पाइप लावतात. गरम ऑइलच्या वाफेने तो मऊ पडतो, ओढीने चपटा होतो आणि ब्रीदर बंद. क्रँककेसमध्ये दाब साठला की ऑइलची पातळी बघायची पट्टी वर उचलली जाते, मग सील गळायला लागतात. गिऱ्हाईक येतं ते "रिंगा गेल्या" म्हणत. रिंगा ठणठणीत असतात, पाइप बदलला की काम होतं. ऑइल चालेल असाच होज घ्या, पन्नास रुपये वाचवू नका.

पाणीभरलं
इनटेकवर कुणी बोलतच नाहीये. गरम हवा नको म्हणून काही जण पाइप लांबवून फिल्टर थेट बंपरमागे खाली नेतात. हिवाळ्यात झकास. जुलैत मुंबईत अंधेरीच्या सबवेत किंवा हिंदमाताला पाणी भरलं की तोच फिल्टर आधी बुडतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन खाली. विमा कंपनीने फेरफार बघितला की पुढचं भांडण वेगळंच. कंपनीने हवेचं तोंड वर, रेडिएटरच्या पट्टीपाशी ठेवलंय ते उगाच नाही.

कलम_बावन्न
मुळात हे कायद्यात बसतं का? मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकालही दिलाय. कलम 182अ प्रमाणे बेकायदा फेरफाराला, दर फेरफारामागे, 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

घाटातला_दुसरा_गिअर
कलम 52 आरसीतल्या तपशिलांबद्दल बोलतं. आरसीवर एअर फिल्टरचा प्रकार असतो का?

कलम_बावन्न
नसतो. पण क्रँककेसचा गॅस हवेत सोडायचा नाही ही अट गाडीच्या मंजुरीच्या चाचणीतच आहे. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, ब्रीदरकडे बघत नाही, म्हणून लोंबता पाइप खपतो. खपणं वेगळं, चालणं वेगळं.

बॉनेटउघडा
टीएसआयबद्दल घाटातल्यांशी माझं भांडण नाही. मी लिहिलं ते रोजच्या पोर्ट इंजेक्शन गाड्यांबद्दल, आणि रस्त्यावर त्याच जास्त. तिथे कॅच कॅन म्हणजे बॉनेट उघडून मित्रांना दाखवायची वस्तू. आणि एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत सेन्सरनंतर, इंजिनाच्या बाजूला जोडलेला ब्रीदर कापून भोक उघडं ठेवलं, तर न मोजलेली हवा आत जाते. आयडलिंग वर-खाली, चेक लाइट. ऑइल लावायचे कापडी फिल्टर तर जरा जास्त भिजले की त्याच सेन्सरची तार माखतात.

घाटातला_दुसरा_गिअर
ते ज्याला मॅन्युअल वाचायचा कंटाळा त्याचं. पाना घरचा असला म्हणून काम वाईट होत नाही, आणि सर्व्हिस सेंटरला दिलं म्हणून चांगलंही होत नाही. डिझेलचं कुणी सांगेल का? माझ्याकडे 1.3 मल्टीजेटची स्विफ्ट पण आहे, इंटरकूलरच्या (टर्बोमधून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल दिसतं.

तेलपट्टी
थोडं ओलसर असणं नेहमीचंच. पाइपात साचून असेल तर आधी टर्बोचा शाफ्ट हलतोय का बघा, आणि ऑइल भरण्याचं झाकण काढून चालू इंजिनात धूर किती येतो ते बघा. कॅन नंतर. डिझेलवर लावलाच तर दर महिन्याला रिकामा करा. भरलेल्या कॅनमधलं ऑइल इनटेकमध्ये ओढलं गेलं की इंजिन त्याच्यावरच पळतं, किल्ली काढून थांबत नाही. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून वरच्या गिअरला क्लच सोडायचा, नाहीतर इनटेकची हवा बंद करायची.