पावडर कोटिंग (चार्ज केलेली रंगाची भुकटी फवारून ओव्हनमध्ये भाजणे): पॅनल बॉक्सच्या कोपऱ्यात पावडर बसत नाही, कोणती गन घ्यावी?

शीटमेटल_भोसरी: एमएस (माइल्ड स्टील) बॉक्स, खोली ३०० मिमी. एपॉक्सी-पॉलिएस्टर पावडर. कोरोना गन (हाय व्होल्टेजने पावडर चार्ज करणारी) ८० केव्हीवर (किलोव्होल्ट). सपाट भाग छान येतो, आतले कोपरे उघडे राहतात. बजेट ४० हजार. ट्रायबो गन घ्यावी का?

लालपावडर: ट्रायबोच घ्या. त्यात हाय व्होल्टेज नाही, टेफ्लॉनच्या नळीवर घासून कण पॉझिटिव्ह चार्ज होतात. कोरोनाच्या विद्युत क्षेत्ररेषा जवळच्या कडांवर संपतात, पावडरही तिथेच चिकटते. ट्रायबोत कण हवेबरोबर आत जातो. थोडं बजेट वाढवून दोन घ्या.

क्युअरिंग_२००: पावडर कोणती ते आधी बघा. एपॉक्सी घासून चांगली चार्ज होते, साधी पॉलिएस्टर नाही. तिची ट्रायबो ग्रेड वेगळी मागवावी लागते. नळी झिजते, तो खर्च वेगळा.

ओहममीटर: गन नंतर. ५०० व्होल्टच्या मेगरने (मोठा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) बॉक्स ते अर्थ रेझिस्टन्स मोजा, १ मेगाओहमच्या आत हवं. बॉक्स टांगायच्या हुकवर भाजलेल्या पावडरचा थर म्हणजे इन्सुलेटरच. पावडरचा कण चार्ज लवकर सोडत नाही, तो समोरच्या धातूत उलटा चार्ज खेचतो. त्या ओढीवरच पावडर ओव्हनपर्यंत टिकते.

लालपावडर: अर्थिंग सगळ्यांनाच माहीत असतं. ट्रायबो.

गाठी_का: सारखे चार्ज ढकलतात ना? मग हॉपरमध्ये (पावडरच्या टाकीत) गाठी कशा होतात?

ओहममीटर: फार जवळ आले की मोठा चार्ज असलेला कण शेजारच्याच्या जवळच्या बाजूला उलटा चार्ज उभा करतो. आकारात आणि चार्जमध्ये फरक मोठा असेल तर ढकलणं संपून ओढ सुरू होते. पण हॉपरमधल्या गाठींचं मुख्य कारण ओल आणि १० मायक्रॉनखालची भुकटी. रिक्लेम पावडर (न चिकटलेली, परत गोळा केलेली) चाळूनच नव्या पावडरीत मिसळा.

क्युअरिंग_२००: विषय कोपऱ्यांचा आहे. केव्ही ४०-५० वर आणा, करंट १०-१५ मायक्रोअँपिअरला बांधा, हवा कमी करा. आधी कोपरे, मग सपाट. एकाच जागी थर चढवत राहिलात तर साचलेला चार्ज थरातली हवा फोडतो, बारीक खड्डे पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. ६०-८० मायक्रॉनला थांबा.

मोठंकाम: ऑटो बूथ आणि रेसिप्रोकेटर (गन आपोआप वर-खाली हलवणारं मशीन) लावा, डोकेदुखी संपेल.

शीटमेटल_भोसरी: मेगरवर ४ मेगाओहम आलं. हुक जाळून साफ केल्यावर ०.३. ४५ केव्हीवर तीन कोपरे भरले, चौथा बिजागरीमागचा अजून उघडाच. गन घेत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतंय, पैसे ड्रायरला घालतो.

लालपावडर: चौथा कोपरा ड्रायरने भरणार नाही.