रानडुक्कर अख्खं खड्ड्यात घालू नका

रानवाट
परवा इथे 'हवाई पद्धतीचं कालुआ आपल्या अंगणात' असा लेख आला. सार असं: शिकारीचं रानडुक्कर सोला, रात्रभर दह्यात मुरवा, खड्ड्यात निखारे आणि नदीतले गोटे टाका, वर डुक्कर ठेवून माती लोटा, चार तासांत तयार. खाली नुसती वाहवा चाललीय. या कृतीने मांस वाया जाईल आणि एखाद्याला इजाही होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

नदीतल्या गोट्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटून कपच्या उडतात. इमूला, म्हणजे हवाईच्या या जमिनीतल्या भट्टीला, कोरडा, सच्छिद्र लाव्हाचाच दगड हवा.

निखाऱ्यांवर तर काही शिजवायचंच नसतं. लाकूड फक्त दगड तापवण्यापुरतं. दोन-तीन तास सणसणीत जाळ झाला, दगडांवरची काजळी जळून गेली, की अर्धवट जळालेली लाकडं बाहेर ओढायची. ती आत राहिली तर झाकल्यावर धुमसतात आणि मांस कडवट होतं. मग ठेचलेल्या केळीच्या खांबांचा वीतभर थर, टी या हवाईतल्या झुडपाची पानं (चहाची नव्हेत), मांस, पुन्हा पानं, भिजवलेली गोणपाटं, ताडपत्री, माती. मांस शिजतं ते खांबातल्या पाण्याच्या वाफेवर. कुठून वाफ निसटताना दिसली की तिथे लगेच माती दाबायची. मध्ये उघडून बघायचं नाही, गेलेली उष्णता परत येत नाही.

आता मुख्य मुद्दा. खांद्याचं मांस हाडापासून सुटायला आतून 90 ते 95 अंश लागतात, म्हणजे आठ तास तरी धराच. रानडुकराच्या पाठीवर पाळीवासारखा चरबीचा थर नसतो. खांदा मऊ होईपर्यंत पाठीचं मांस सुतळीसारखं कोरडं झालेलं असतं. म्हणून पाठ आधीच काढून घ्या, वेगळी भाजा, 71 अंशांवर उतरवा. खड्ड्यात फक्त खांदे आणि मागच्या तंगड्या. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते, तीही कापून टाका.

हिलोवासी
दगड आणि लाकूड, दोन्ही मान्य. पण 'अख्खं घालू नका' हे साफ चूक. अडचण डुक्कर अख्खं असण्यात नाही, ते सोललेलं असण्यात आहे. सोलणं सोपं म्हणून सगळे शिकारी सोलतात आणि मग मांस कोरडं झालं म्हणून रडतात. 63-65 अंशांच्या पाण्याने केस सैल करा, खरवडा, उरलेले जाळा, कातडी राहू द्या. कातडी हेच त्याचं झाकण. पोटात आणि पुढच्या पायांच्या बगलेत तापलेले दगड भरायचे म्हणजे आतूनही शिजतं. कोंबड्यांच्या जाळीत गुंडाळा, नाहीतर उचलताना सांगाडा एकीकडे आणि मांस दुसरीकडे. तुकडे करून भाजायचं असेल तर ओव्हन आहेच, खड्डा कशाला खणायचा?

चुलीपाशी
तुम्ही दोघं खड्ड्यावर भांडताय. खरी गोष्ट वासाची. दह्यात, व्हिनेगरमध्ये मुरवून रानडुकराचा उग्र वास जातो हे किती वर्षं ऐकायचं? वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल हे उग्र वासाचे पदार्थ साठतात. ते चरबीत मुरलेले, दही वरवर. बंद खड्ड्यात तर तो वास बाहेरही जात नाही, सगळ्या मांसाला लागतो. चरबीचा लहान तुकडा आधी तव्यावर तापवा. घाण वास आला तर ते डुक्कर खड्ड्यात घालू नका. चरबी पूर्ण काढून, झणझणीत मसाल्यात कोरडं परता.

हिलोवासी
वासाचा एवढा बाऊ नको. दहातले नऊ वेळा वास नराचा नसतो, हाताळणीचा असतो. मूत्राशय फुटलं, केसांचे हात मांसाला लागले, उन्हात आतडी काढायला उशीर केला. आतडी लगेच काढा, पोटात बर्फाच्या पिशव्या ठेवा, वास येणार नाही.

चुलीपाशी
'दहातले नऊ' कुठून आणलेत? आणि तुम्हाला वास येत नाही म्हणून तो नसतो असं होत नाही. अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही, ते जनुकांवर ठरतं. तव्यावरची परीक्षा एकट्याने करू नका, दोन-तीन नाकं असू द्या. तुम्ही 'छान झालंय' म्हणून वाढाल आणि पाहुणे घास तोंडात धरून बसतील.

हिलोवासी
मुद्दा मांसाचा होता, माझ्या नाकाचा नाही. भाषा जपा.

शिवारातला
इथे आमच्या मक्याची, भुईमुगाची रात्रीत नासाडी होते आणि तुम्ही पाककृती लिहिताय. आम्ही मारलं तर गुन्हा, खाल्लं तर गुन्हा.

रानवाट
तुमचं दुखणं खरं आहे. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतं. परवानगीने मारलं तरी ते सरकारी मालमत्ता ठरतं, मांस घरी नेता येत नाही. म्हणूनच हा धागा हवाई, टेक्सास, न्यूझीलंडमधल्या आपल्या लोकांसाठी आहे. भारतात ही पद्धत करायची तर पाळीव डुक्करच घ्या.

चुलीपाशी
आणि पाळीव घेऊन तिला पोपटी म्हणू नका, त्या लेखाखाली दोघांनी म्हटलंय. पोपटीत जाळ मडक्याच्या बाहेर असतो आणि वाफ शेंगांची, भांबुर्ड्याची. इमूत जाळ आधीच संपलेला असतो. तंत्र वेगळं, चुका वेगळ्या.

फ्रीजरवाला
71 अंशांचा धसका कशाला? तीन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं की ट्रायकिनेला हा मांसातला जंत मरतो.

रानवाट
पाळीव डुकराचं पातळ मांस उणे 15 ला 20 दिवस ठेवलं तर मरतो. जंगली जनावरातल्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत, म्हणून रानटी मांस गोठवून सुरक्षित झालं असं धरू नका. मीठ, धूर, वाळवणं यांवरही विसंबू नका. आणि ब्रुसेला सुईस हा जीवाणू गोठवल्याने मरत नाही, तो कापतानाच हातावरच्या जखमेतून आत जातो. रबरी हातमोजे घाला, आतडी कुत्र्यांना टाकू नका. टेक्सासकडच्या डुकरांत स्यूडोरेबीज हा विषाणूचा रोग असतो, तो कुत्र्याला मारतो.

हिलोवासी
हातमोज्यांचं बरोबर आहे. पण खड्ड्यात 90 पार होणार असेल तर 71 चा वाद हवाच कशाला?

रानवाट
पार झालं हे कळणार कसं? जमीन ओली असेल तर उष्णता माती पिते, दगड कमी पडले तर मांस तासन् तास कोमट राहतं, त्यात जंतू वाढतात. वायरचा थर्मामीटर तंगडीत हाडाजवळ खोचून वायर मातीबाहेर ठेवा. चार तासांत 60 ओलांडलं नाही तर बाहेर काढा, ओव्हनमध्ये पूर्ण करा. अख्ख्या जनावरात हाडाजवळचा भाग सर्वांत शेवटी तापतो, म्हणून तर मी तुकडे म्हणतोय.

हिलोवासी
तुकडे केले की रस दगडांत गळतो.

चुलीपाशी
ट्रे ठेवा. धूर थोडा कमी लागेल, पण रस हाताशी राहील. मांस विंचरून झालं की तोच रस आणि खडे मीठ कालवायचं. रानटी मांसाला याची गरज जास्त. वर पाळीव डुकराच्या पोटाची चरबीदार पट्टी पसरलीत तर आणखी बरं.

रानवाट
ट्रेला माझी हरकत नाही. आणि हिलोवासी, 35 किलोच्या आतली मादी, कातडीसकट, पोटात दगड, आत थर्मामीटर, एवढं सगळं असेल तर अख्खं घाला. नर असेल तर तुकडेच.

हिलोवासी
नराचं मी आधीही म्हणालो नव्हतो. पण ठीक, मोठा नर अख्खा नको.