शब्दचर्चा : क्लीव्हलँड यांच्या चरित्रातले मेयर, शेरीफ आणि व्हेटो

प्रश्न : ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा मराठीत परिचय लिहिते आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधी ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात वकील, मग शेरीफ, मग मेयर होते. शेरीफला ‘नगरपाल’ आणि मेयरला ‘महापौर’ लिहिलं तर चालेल ना?

प्रतिसाद : नगरपाल नको. मुंबईचे नगरपाल हे निव्वळ मानाचं पद. बफेलो ज्या एरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिथला शेरीफ लोकांनी निवडून दिलेला, तुरुंग त्याच्या ताब्यात, कोर्टाच्या हुकमांची बजावणी त्याच्याकडे. १८७१ ते १८७३ या काळात क्लीव्हलँड यांनी दोन फाशा स्वतःच्या हातांनी दिल्या. हाताखालच्या माणसावर ते काम सोपवता आलं असतं, पण सोपवलं नाही. हे ‘नगरपाला’ने केलं असं वाचून आपला वाचक बुचकळ्यात पडेल. शेरीफच ठेवा, आणि शब्द पहिल्यांदा येईल तिथे काम सांगून टाका.

महापौर हा सावरकरांनी रुळवलेला देखणा शब्द, जरूर वापरा. मात्र आपल्याकडे महापौर सभागृह चालवतात आणि कारभार आयुक्त पाहतात. बफेलोत मेयरला व्हेटो, म्हणजे सभेचा ठराव अडवण्याचा अधिकार, होता, आणि क्लीव्हलँड यांचं नाव झालं ते त्यामुळेच. १८८२मध्ये नगरसभेने रस्ते झाडण्याचं पाच वर्षांचं कंत्राट ४,२२,५०० डॉलरला देऊ केलं. सर्वांत कमी रकमेची निविदा त्याहून लाखावर डॉलरनी स्वस्त होती. त्यांनी ठराव अडवला आणि हा जनतेच्या पैशाशी द्रोह आहे, असं लेखी सुनावलं. सभेला माघार घ्यावी लागली. पुढच्या जानेवारीत ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले होते! हा प्रसंग कृपा करून गाळू नका.

प्रश्न : मग व्हेटोला ‘नकाराधिकार’?

प्रतिसाद : अधिकाराला हो. क्रियापद म्हणून मात्र तो जड होतो, आणि तुम्हाला क्रियापद पुष्कळदा लागेल : राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या कारकिर्दीतच त्यांनी ४१४ वेळा व्हेटो वापरला. ‘फेटाळला’ही मला पटत नाही, ठराव फेटाळते ती सभा. ‘नामंजूर करून परत पाठवला’ लिहा.

आणखी एक. ते कॉलेजात गेले नव्हते. वकिलांच्या कचेरीत कारकुनी करत कायदा शिकले. त्यामुळे ‘१८५९मध्ये कायद्याची पदवी घेतली’ असं लिहू नका. ‘वकिलीची सनद मिळाली’ हेच बरोबर.